हातावरचं पोट आणि पोरांची वाढ: बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर भागात नेमकं कुठं अडतं?

वेदगंगाकाठ

मुलांच्या संगोपनावर मराठीत पुष्कळ लिहिलं जातं, पण बहुतेक लिखाण ज्या घरात आईबापाच्या वाट्याला संध्याकाळ येते त्या घरासाठी असतं. रोज अर्धा तास मुलाशी बोला, रात्री गोष्ट वाचा, ताटात पाच रंग असू द्या. निपाणीत हजार बिड्यांचा हिशोब पुरा करणारी आई, बेळगावच्या वडगाव-खासबागेत रात्रपाळीला मागावर उभा असलेला बाप, खानापूरच्या वरच्या गावांतून गोव्याला कामाला गेलेली माणसं, अथणी-कागवाडच्या उसाच्या फडाजवळच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या, यांना हे सांगून काय उपयोग? यांना पोरांची माया कमी आहे असं कुणी म्हणू नये. गरिबी पोरापर्यंत कोणत्या वाटेनं पोचते आणि ती वाट कुठं अडवता येते, एवढंच इथं लिहूया. ज्यांना विषय माहीत आहे त्यांनी आकडे आणि कृतीसकट लिहा. उपदेश नको.

तेंदूपान

बिडीपासून सुरुवात करतो. मजुरी हजारावर मिळते, तासावर नाही. सगळा घोळ इथून सुरू होतो. सराईत हातालाही हजार बिड्यांना आठ-दहा तास लागतात. पान भिजवणं, कात्रीनं कापणं, जर्दा भरून वळणं, दोरा गुंडाळणं, तोंड मुडपणं, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधणं, सगळं त्यात आलं. एकट्या बाईनं हजार करायचे तर चूल, पाणी आणि पोराची आंघोळ यांना वेळ कुठून आणायचा? मग काम वाटलं जातं. पान कापायला सासू, तोंड मुडपायला थोरली मुलगी. मुलीची शाळा एका दिवसात सुटत नाही. आधी शनिवार जातो, मग माल द्यायच्या आदल्या दिवशीची दुपार जाते, आणि सहामाहीनंतर मागं पडलेला अभ्यास भरून निघत नाही म्हणून तिलाच शाळा नकोशी होते. तिथं आईला दोष देऊन काही हाती लागत नाही.

यातला एक हिशोब मात्र घरात मांडून दाखवावा. माल तपासताना सैल, आखूड, फाटक्या पानाच्या बिड्या छाट म्हणून बाजूला काढतात आणि त्यांची मजुरी बुडते, पान-जर्दा गेला तो गेलाच. कोवळ्या हाताच्या बिड्यांत छाट जास्त निघते. दोन आठवडे वहीत दोन रकाने करा: मुलीच्या मदतीनं झालेला माल आणि छाट, मदतीशिवाय झालेला माल आणि छाट. वाटतो तेवढा फायदा बहुतेक वेळा दिसत नाही.

कायद्याचंही सांगून ठेवतो. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या अनुसूचीत बिडी पहिल्यापासून आहे. २०१६ च्या दुरुस्तीनं शाळेनंतर घरच्या धंद्यात मदत करायला सूट दिली, पण धोकादायक कामांना ती सूट नाही.

तान्हं असलेल्या घरात आणखी एक गोष्ट. जर्द्यातलं निकोटिन कातडीतून आत जातं, ओल्या हाताला तर लवकरच. सूप मांडीवर, मांडीशेजारी पाळणा, आणि तोच हात पोराच्या तोंडाला, हे थांबवायचं. काम दाराशी किंवा सोप्यात, पाळणा आतल्या खोलीत. अंगावर पाजण्याआधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे आणि कामाचा पदर बदलायचा. त्यासाठी जुनी साडी फाडून एक वेगळं फडकं कमरेला बांधलं तरी भागतं. पान भिजवलेलं पाणी रांगत्या पोराच्या हाताला लागेल असं ठेवू नये. जर्दा चाळायचं काम पोर झोपलेलं असताना त्याच खोलीत अजिबात नको.

ओळखपत्र कुणाच्या नावावर आहे तेही बघा. १९७६ च्या बिडी कामगार कल्याण निधी कायद्याखाली मुलांना शिष्यवृत्ती आहे, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. पण ती कामगाराच्या मुलांना मिळते. घरात वळते सून आणि कार्ड सासूचं, असं असेल तर नातवंडांचा अर्ज अडतो. सुनेचं स्वतंत्र कार्ड काढणं हाच उपाय.

आंबील

तेंदूपान दादांनी वेळेचं लिहिलं, त्याचाच दुसरा भाग ताटात दिसतो. कामात असलेली आई पोराला पातळ पेज देते, कारण ती पटकन गिळली जाते. सात-आठ महिन्यांच्या पोराचं पोट लहान, ते पाण्यानंच भरतं. घट्ट दिली तर पोर गिळत नाही आणि भरवायला अर्धा तास जातो. यावर मोडाच्या पिठाचा उपाय आहे, खर्च जवळपास काही नाही.

अर्धा किलो नाचणी निवडून, धुऊन बारा तास भिजवा. पाणी निथळून ओल्या फडक्यात बांधा, एक ते दीड दिवसात मोड येतात. फडकं सुकलं तर पाणी शिंपडा, वास आंबूस आला तर तो घाणा टाकून द्या. उन्हात कडकडीत वाळवा, तळहातावर चोळून मोड पाखडून काढा. मग अगदी मंद आचेवर नुसतं गरम करा, रंग बदलता कामा नये. इथंच चूक होते: खमंग वासासाठी खरपूस भाजलं की पिठाचा गुणच जातो. मोड येताना धान्यात पिष्ट तोडणारं द्रव्य तयार होतं, ते जास्त उष्णतेनं मरतं. दळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

वापर असा. नेहमीची पेज किंवा मऊ भात चांगला घट्ट शिजवा. खाली उतरवून जरा निवू द्या. वाटीभर पेजेला एक लहान चमचा मोडाचं पीठ घालून ढवळत राहा, पाच-दहा मिनिटांत ती आपोआप सैल होते, पाणी न घालता. मग एक उकळी आणून उतरवा. पोर तेवढ्याच वाटीत जवळपास दुप्पट धान्य खातं.

ज्वारीचं असं करू नये. आपल्याकडं ज्वारी घरात असते म्हणून मुद्दाम लिहिते: ज्वारीच्या कोंबात विषारी द्रव्य असतं आणि कोंब पुरते निघाले की नाही ते कळत नाही. तान्ह्यासाठी नाचणीच घ्या.

वाटीत एक छोटा चमचा तेल किंवा तूप घातलं की ४५ कॅलरी वाढतात. शेंगदाण्याचं कूट बारीक दळून चालतं, पण काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे आधी निवडून फेकायचे, त्यात बुरशीचं विष असतं. गूळ चवीपुरता. साखरपट्टा आहे म्हणून पोराला गुळावरच वाढवायचं नाही.

किती वेळा? सहा ते आठ महिने: दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन मोठ्या चमच्यांपासून सुरुवात करून अर्ध्या मोठ्या वाटीपर्यंत. नऊ ते अकरा महिने: तीन-चारदा, अर्धी मोठी वाटी. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी, तीन-चारदा, मध्ये एक-दोनदा काहीतरी. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच. मोठी वाटी म्हणजे पाव लिटरची.

आणि पोराची वाटी वेगळी हवी. एका ताटात सगळे जेवायला बसले की थोरली भावंडं भराभर उचलतात, धाकट्यानं किती खाल्लं ते कुणालाच कळत नाही.

चहा-बिस्किटाबद्दल. पाच रुपयांचा पुडा हा सगळ्यांत सोपा मार्ग आहे, पोर गप्प होतं आणि आईचं काम चालू राहतं, हे समजतं. पण त्यानं भूक मरते आणि चहामुळं जेवणातलं लोह अंगी लागत नाही. पुडा द्यायचाच तर चहाशिवाय आणि जेवणानंतर. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांना आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं औषध आशाताईंकडून मिळतं, ते दुपारच्या जेवणानंतर द्या. शी काळी होते म्हणून पुष्कळ घरी बाटली कोपऱ्यात पडून राहते. काळी होणं हे औषधामुळंच आहे, घाबरायचं कारण नाही.

तांबडीमाती

आंबील ताई, अंगणवाडीचा कोरडा शिधा घरी आला की तो सगळ्यांच्या भाकरीत आणि सांबाऱ्यात जातो. तो फक्त धाकट्यालाच घाला, असं सांगून ऐकतं का कुणी?

आंबील

ऐकणार नाहीत आणि तसं सांगूही नये. चार पोरांच्या घरात एकालाच वेगळं घालणारी आई कुठून आणायची? पाकीट फोडलं की आधी धाकट्याच्या आठवड्याचा वाटा लहान डब्यात काढा, उरलेला घरात जाऊ द्या. तीन वर्षांवरच्या पोराला केंद्रावरच नेऊन बसवणं उत्तम, तिथं शिजवलेलं त्याच्याच पोटात जातं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईसाठीही कर्नाटकाच्या मातृपूर्णा योजनेत २ ऑक्टोबर २०१७ पासून केंद्रावर गरम जेवण आहे. ते खायला जाण्यायेण्यात तिची मजुरी बुडते म्हणून बायका जात नाहीत. वस्तीतल्या दोघी-तिघी मिळून एका वेळी गेल्या तर घरी पोरांकडं बघायला कुणीतरी राहतं.

दंडाची पट्टी विसरू नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा डावा दंड मध्यावर मोजायचा. १२.५ सेंटिमीटरच्या खाली मध्यम कुपोषण, ११.५ च्या खाली तीव्र. तीव्र असेल आणि सोबत ताप, पायावर सूज किंवा भूक मेलेली असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस राहावं लागतं. पाचव्या-सहाव्या दिवशी पोर हसायला लागलं की आया परततात, कारण घरी बाकीची पोरं असतात. त्या पोरांना कोण बघणार हे दाखल व्हायच्या आधी ठरवा. आईला बुडीत मजुरी मिळते, त्यासाठी बँकेचं पासबुक आणि आधार सोबत न्या.

नाडकचेरी

सीमाभागात गरिबी कागदातून कशी घुसते ते लिहितो. आपल्याकडची निम्मी नाती चंदगड, गडहिंग्लज, कागल, शिरोळकडची. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे जन्म महाराष्ट्रात, वाढणार कर्नाटकात. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते, सासरच्या पंचायतीत नाही. २१ दिवसांच्या आत फुकट. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी, वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश. बाळंतीण सव्वा महिन्यानं सासरी येते आणि कागद तिकडंच राहतो. मग तो आणायला बापाचे दोन खाडे.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढं जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच चालतो. म्हणून दवाखान्यातून सुटायच्या दिवशीच नोंदीचा अर्ज भरून घ्या. नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद होते, बारा महिन्यांत नाव फुकट घालता येतं, पुढं पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून.

नंतर नावाचं स्पेलिंग. ज्ञानेश्वर मराठी माणूस ‘डीएन’ नं लिहितो, कन्नड लिपीतून आलेला ऑपरेटर ‘जेएन’ नं. आडनाव आधी की शेवटी, बापाचं नाव पूर्ण की फक्त आद्याक्षर, यात आधार, रेशन कार्ड आणि शाळेचा दाखला तिघांचे तीन रंग. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, नाव जुळलं नाही की अर्ज तिथंच थांबतो. उपाय एकच: जन्म दाखल्यावरचं इंग्रजी स्पेलिंग कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि पुढं प्रत्येक काउंटरवर तोच कागद दाखवा, तोंडी सांगू नका. पोराच्या आधारचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी द्यावे लागतात. ते राहिले तर दहावीच्या तोंडावर सगळं अडतं.

जातीच्या दाखल्यासाठी बापाकडचे कागद लागतात. आईचा महाराष्ट्राचा दाखला इथं चालत नाही. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गाच्या ३बी गटात येतो, महाराष्ट्रातली माहिती विचारून अर्ज भरू नका. उत्पन्नाचा आणि जातीचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीत, एकदम द्या आणि पावतीवरचा आरडी नंबर शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पुढं सगळीकडं तोच मागतात.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळतात. एकत्र कुटुंबात ती सासू असते. लहान पोरं सुनेची आणि पैसे सासूच्या खात्यात, यावरून घरोघर वाद आहेत. कार्ड फोडायची घाई करण्याआधी नवं कार्ड मिळेपर्यंत तांदळाचं काय होणार ते विचारून घ्या. त्यापेक्षा अंडी, शेंगदाणे आणि पोरांच्या वह्या सासूच्या पैशातून येतील असं घरातच ठरवलेलं बरं.

चौथीचा_वर्ग

शाळेचं थोडक्यात. मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत पुस्तकं, गणवेश, दूध आणि दुपारचं जेवण आहे. पाचवीपर्यंत मुलामागं १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी हे प्रमाण. गरीब घराचा खर्च इथं फारसा होत नाही. खर्च सुरू होतो आठवीला, कारण पुष्कळ गावांत मराठी शाळा सातवीला संपते. मुलींना शक्ती योजनेत ११ जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही, मुलांना पास काढावा लागतो. तो जूनमध्येच काढा, नाहीतर रोजचं तिकीट परवडत नाही म्हणून पोरगा आठवड्यातून दोनदा घरी बसतो.

आठवीत एनएमएमएस ही केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा चुकवू नका. सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५०), पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, शाळा सरकारी किंवा अनुदानित. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. हुशार पोरांचे अर्ज राहतात ते उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. तो सातवीच्या उन्हाळ्यातच काढून ठेवावा.

इंग्रजी शाळेच्या फीसाठी संघाचं, म्हणजे बायकांच्या गटाला हप्त्यावर मिळणारं, कर्ज काढणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. २०१९ पासून कर्नाटकात जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेतली २५ टक्क्यांची मोफत जागा मिळत नाही. कुणी तशी आशा दाखवून पैसे मागत असेल तर देऊ नका.

घरी अभ्यास घेता येत नाही, पाटीवरचं कन्नड कळत नाही, म्हणून आया गप्प राहतात. बिडी वळताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. पोरानं शेजारी बसून दहा मिनिटं मोठ्यानं वाचायचं, मराठी असो की कन्नड. आईनं फक्त तीन प्रश्न विचारायचे: कोण होतं, काय झालं, पुढं काय होईल? अडखळलं तर दुरुस्त करायचं नाही, तीच ओळ पुन्हा वाचायला लावायची. अक्षर न येणाऱ्या आईलाही हे जमतं.

पाचट

ऊसतोडीच्या फडातल्या पोरांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले, हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्चपर्यंत. पहाटे अंधारात तोडीला जायचं, गाडी आली की रात्रीही भरायचं. कोपीत मागं राहते आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवर तान्हं. पाचटाची कोपी, शेजारी चूल, उघडी विहीर, मागं येणारा ट्रॅक्टर. एवढी जोखीम त्या लेकराच्या अंगावर असते.

काम टोळी आल्यावर पहिल्या आठवड्यात झालं पाहिजे, नंतर टोळी हलते. कुठली टोळी कुठल्या गटात आहे ते कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला, माहीत असतं. अंगणवाडीताई आणि आशाताईंनी त्याच्याकडून यादी घ्यावी. लसीकरण कार्ड महाराष्ट्राचं असो की आपलं कर्नाटकाचं तायी (माता-बाल) कार्ड, लस कुठंही मिळते. गोवरची नऊ महिन्यांची आणि सोळा ते चोवीस महिन्यांची मात्रा आधी तपासा, गर्दीच्या कोप्यांत गोवर फार वेगानं पसरतो. रेशन कार्ड दुसऱ्या राज्यातलं असलं तरी केंद्राचा वाटा इथल्या दुकानात अंगठ्यावर मिळतो, कर्नाटक राज्याचा जादा वाटा मात्र मिळत नाही. आणि शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ स्पष्ट आहे.

जुलाबात होणारी चूक: ओआरएसचं अर्धं पाकीट अंदाजानं पेल्याभर पाण्यात घालतात. ते फार खारट होतं, पोराला अपाय होतो. पूर्ण पाकीट, पूर्ण एक लिटर पाणी, चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर टाकायचं. सोबत जस्ताची २० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस, सहा महिन्यांखालच्या बाळाला अर्धी. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळी थांबवायची नाही.

मार्कंडेय

मारझोडीबद्दल लिहायला हवं. तमिळनाडूतल्या विलुप्पुरम आणि तिरुवण्णामलै भागातल्या ४६४ ऊसकरी शेतकऱ्यांचा अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आला. त्याच माणसांची तोडणीआधी, पैसे संपलेले असताना, आणि तोडणीनंतर, पैसे हाती आल्यावर, बुद्धीची चाचणी घेतली. तोडणीआधी गुण कमी आले. माणूस तोच, डोकं मात्र पैशाच्या विवंचनेनं भरलेलं. आपल्या साखरपट्ट्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. अमेरिकेत आयोवातल्या शेतकरी कुटुंबांवरच्या अभ्यासातही हीच साखळी दिसली: पैशाचा ताण, आईबापाची घालमेल, आपसातलं भांडण, मग पोरांवर कडकपणा.

म्हणून ‘पोरांना मारू नका’ एवढं सांगून भागत नाही. घरातला स्फोट कधी होतो ते बघा. बहुतेक वेळा संघाच्या हप्त्याच्या आदल्या संध्याकाळी. त्या दिवशी अभ्यास, गुणपत्रिका, हरवलेली चप्पल हे विषय काढायचेच नाहीत, असं दोघांनी ठरवावं. पोरांना ‘आज हप्त्याचा दिवस आहे’ एवढं सरळ सांगावं. नाहीतर आई आपल्यामुळं चिडली असं पोर धरून बसतं.

हप्त्याचे नियमही माहीत असावेत. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. वसुली ठरलेल्या जागी व्हायची, लागोपाठ दोनदा माणूस आला नाही तरच घरी. पोरांसमोर दारात आवाज चढवणाऱ्याला हे तोंडावर सांगता आलं पाहिजे. शेतकऱ्याच्या घरी आणखी एक: १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात कारखान्यानं उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचं आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज.

खुळखुळा

खेळण्याबद्दल कुणी बोललं नाही. जमैकात किंग्स्टनला वाढ खुंटलेल्या १२९ पोरांपैकी काहींच्या घरी दोन वर्षं, आठवड्यातून एक तास, एक प्रशिक्षित बाई जायची आणि घरातल्याच वस्तूंनी आईला पोराशी खेळायला शिकवायची. वीस वर्षांनी त्या पोरांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. विकतचं खेळणं त्यात जवळपास नव्हतंच.

इथं करता येईल असं: अर्धा लिटरच्या बाटलीत मूठभर ज्वारी, झाकण तापवून पक्कं चिकटवलेलं. एकात एक बसणाऱ्या तीन वाट्या. मापट्यात टाकायला मोठे लाकडी रिळ, मागवाल्यांच्या घरी ते असतंच. पोराच्या तोंडात मावेल एवढी कोणतीही वस्तू नको, त्यात बिडीचा दोराही आला. खेळताना वस्तूचं नाव घ्यायचं, पोरानं आवाज काढला की तोच आवाज परत काढायचा. आंघोळ घालताना, भाकरी थापताना हे होतं, वेगळा वेळ लागत नाही.

तांबडीमाती

नाडकचेरी दादा, एक नेमकी अडचण. मुलगी नोव्हेंबर २०२३ ची, जन्म गडहिंग्लजला घरीच झाला, नोंद केलेली नाही. वर्ष उलटून गेलं. आता सुरुवात कुठून?

नाडकचेरी

जन्म गडहिंग्लज हद्दीत, म्हणून तिथल्याच निबंधकाकडं जायचं, आपल्या पंचायतीत फेऱ्या मारू नका. आधी त्यांच्याकडून नोंद नसल्याचा दाखला घ्या. सोबत तिथल्या आशाताई किंवा एएनएमच्या (आरोग्य केंद्राच्या नर्सच्या) रजिस्टरमधली बाळंतपणाची नोंद, लसीकरण कार्ड आणि आईबापाचे आधार. २०२३ च्या दुरुस्तीनंतर वर्षावरच्या नोंदीचा आदेश जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा त्यांनी नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी देतो, त्यामुळं अर्ज आता न्यायालयात नाही, महसूल कचेरीत. अर्जात मुलीचं नाव आणि इंग्रजी स्पेलिंग आधी ठरवूनच लिहा. आणि जायच्या आधी आशाताईंना फोन करून रजिस्टर कुठं आहे ते विचारा, जुनी रजिस्टरं पुष्कळदा प्राथमिक आरोग्य केंद्रात जमा झालेली असतात.